हवाईयन गिटारच्या ॲम्पमधील हमिंग: मूळ शोधण्याची क्रमवार पद्धत

हवाईयन गिटार, म्हणजेच स्टील गिटार, वाजवणाऱ्याला हमिंगचा, म्हणजे ॲम्प्लिफायरमधून (ॲम्पमधून) सतत घुमणाऱ्या आवाजाचा, जितका त्रास होतो तितका साध्या इलेक्ट्रिक गिटारवाल्याला होत नाही, आणि त्याचे कारण वादनाच्या पद्धतीतच आहे. तार छेडली जाते त्या क्षणी पायाखालचे व्हॉल्यूम पेडल अर्धवटच दाबलेले असते. मग स्वर जसजसा विरत जातो तसतसा पाय पुढे झुकतो आणि आवाज सावरून धरतो. तारेचा आवाज कमी होत असताना पेडल मात्र उघडत जाते, त्यामुळे मींडेच्या अखेरीस, जिथे श्रोत्याचा कान सर्वांत जास्त लागलेला असतो तिथेच, हमिंग सर्वांत मोठे होते. विक्रीसाठी बाजारात आलेली पहिली इलेक्ट्रिक गिटार १९३० च्या दशकाच्या सुरुवातीची लॅप स्टील, म्हणजे मांडीवर ठेवून वाजवायची स्टील गिटारच होती, तेव्हा या त्रासाशी सर्वांत जुनी ओळखही स्टील वादकांचीच आहे.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या आपल्या भागात एकच वाद्य आणि एकच ॲम्प आठवड्याभरात गल्लीतल्या जुन्या घरातून देवळाच्या सभामंडपात आणि तिथून जनरेटरवर चालणाऱ्या गणेशोत्सवाच्या मंडपात जातो. प्रत्येक ठिकाणची वीज वेगळी, अर्थिंग वेगळे आणि शेजारची यंत्रेही वेगळी असतात. म्हणून एखादा ठरलेला उपाय सांगण्यापेक्षा शोधण्याची पद्धत सांगणे मला अधिक उपयोगाचे वाटते. या पद्धतीचा एकच नियम आहे: एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि ऐकावे. केबल, अडॅप्टर आणि सॉकेट एकदम बदलून हमिंग गेले तरी ते का गेले हे कळत नाही, आणि पुढच्या कार्यक्रमात ते पुन्हा उभे राहते.

आधी कानाने ओळखावे

आपल्याकडची वीज २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे विजेतून येणारे हमिंग ५० हर्ट्झचे किंवा त्याच्या पटीतले असते. हार्मोनियमच्या पट्ट्यांत सांगायचे तर ५० आणि १०० हर्ट्झ हे दोन्ही पांढरी पाचच्या किंचित वर, पांढरी पाच आणि काळी चार यांच्या मध्ये पडतात. खर्जातल्या पांढरी पाचची कंपने ९८ आणि हमिंगची १००, असा हा फरक आहे. ज्या वादकाचा षड्ज पांढरी पाच आहे त्याच्या खर्जाच्या तारेबरोबर हे हमिंग दर सेकंदाला दोन हेलकावे देते आणि सूर जुळलेला असूनही बेसूर झाल्यासारखा वाटतो. अमेरिकेतील लेखांत ६० आणि १२० हर्ट्झचे आकडे असतात, कारण तिथली वीज ६० हर्ट्झची आहे. ते वाचताना आपल्यासाठी ५० आणि १०० असे बदलून घ्यावेत.

५० हर्ट्झचे हमिंग मऊ आणि गोल असते आणि लाकडी स्टेजवर ते पायालाही जाणवते. ते बहुधा अर्थ लूपमधून (दोन ठिकाणच्या अर्थमधून फिरणाऱ्या करंटमधून), ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून किंवा व्हॉल्व्ह ॲम्पच्या हीटरमधून, म्हणजे काचेचे व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारेतून, येते. १०० हर्ट्झचे हमिंग त्याच्या बरोबर एक सप्तक वर आणि अधिक ठाम असते. वीज एसीची डीसी करताना जो चढउतार उरतो तो १०० हर्ट्झचा असतो, म्हणून हा आवाज ॲम्पच्या आतल्या फिल्टर कपॅसिटरकडे, म्हणजे हा चढउतार सपाट करणाऱ्या भागाकडे, बोट दाखवतो. तिसरा प्रकार कर्कश, झांजेसारख्या किनारीच्या घरघरीचा. ती पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरमधून, एलईडी ट्यूबच्या ड्रायव्हरमधून, स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरमधून किंवा केबलच्या तुटलेल्या शील्डमधून (आतल्या तारेभोवतीच्या धातूच्या जाळीतून) येते. नुसती सुऽऽ अशी हिस् येत असेल तर तो गेनचा, म्हणजे सिग्नल किती वाढवला जातो याचा, प्रश्न आहे, आणि कुरकुर किंवा कडकड येत असेल तर ती गंजलेल्या जॅकची किंवा सुटलेल्या डागाची (सोल्डरच्या जोडाची) असते. या दोन्हींचा शोध वेगळा आहे.

फ्रिक्वेन्सी आकड्यात दाखवणारे मोबाईल ॲप येथे मदत करते, परंतु मोबाईलचा माइक ५० हर्ट्झला कच्चा असल्यामुळे ५० आहे की १०० याबाबत कानावर अधिक भरवसा ठेवावा. जनरेटरवर असताना भार वाढताच हमिंगचा सूर थोडा खाली घसरत असेल, तर ते विजेतूनच येत आहे याची तीच खूण समजावी.

सॉकेट तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये

लागणारे साहित्य थोडेच आहे: एक साधा डिजिटल मल्टिमीटर, खात्रीची एक लहान केबल, नऊ व्होल्टची नवी बॅटरी, थ्री पिनचा चांगला एक्स्टेन्शन बोर्ड आणि एक शॉर्टिंग प्लग. शॉर्टिंग प्लग घरीच करता येतो. गिटारच्या केबलला लावतात तो रिकामा जॅक प्लग घ्यावा आणि त्याच्या टोकाची आणि बाहेरच्या नळीची जोडणी आतून तारेच्या तुकड्याने डाग देऊन एकत्र करावी. हा प्लग ज्या यंत्राच्या इनपुटमध्ये घालाल त्या यंत्राला बाहेरून काहीही मिळत नाही, मग जे ऐकू येते ते त्या यंत्राचे स्वतःचे किंवा त्याच्या पुढचे असते. संपूर्ण शोधात सर्वांत जास्त उपयोग याच प्लगचा होतो.

मल्टिमीटर एसी व्होल्टच्या ७५० किंवा ६०० च्या रेंजवर ठेवून सॉकेट मोजावे. आपल्याकडील थ्री पिन सॉकेटमध्ये समोरून पाहताना वरचे मोठे छिद्र अर्थचे, उजवीकडचे फेजचे आणि डावीकडचे न्यूट्रलचे असायला हवे. फेज आणि न्यूट्रलमध्ये सुमारे २३०, फेज आणि अर्थमध्येही जवळपास तेवढेच, आणि न्यूट्रल व अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत असे आकडे आले तर सॉकेटची जोडणी ठीक मानावी. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दहा-वीस व्होल्ट दिसत असतील, किंवा फेज आणि अर्थमध्ये शंभरच्या आसपास तरंगणारा आकडा दिसत असेल, तर अर्थिंग सैल किंवा तुटलेले आहे आणि वायरमनला बोलावणे हेच पहिले काम आहे. मल्टिमीटर फारच कमी करंट घेत असल्यामुळे कच्च्या अर्थिंगवरही तो २३० दाखवू शकतो. म्हणून वायरमनकडून टेस्ट लॅम्पने किंवा अर्थ टेस्टरने एकदा खात्री करून घ्यावी.

शहापूर, वडगाव किंवा खडेबाजारच्या मागच्या गल्ल्यांतील जुन्या घरांत अर्थची तार पूर्वी लोखंडी नळाच्या पाइपाला बांधत असत. मध्ये कुठेतरी तो पाइप पीव्हीसीचा झाला की अर्थ तिथेच तुटते आणि घरात कोणाला ते कळतही नाही. खानापूरकडच्या जांभ्या जमिनीत पावसाळ्यात उत्तम असलेले अर्थिंग एप्रिल-मेमध्ये कोरडे पडते. तिथे सुमारे अडीच मीटर खोल गेलेला जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप, त्याभोवती कोळसा आणि मीठ, आणि उन्हाळ्यात नियमाने घातलेले पाणी याला पर्याय नाही. चिकोडी-अथणीकडच्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात, तेव्हा तिथेही हीच काळजी घ्यावी.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. चांगले अर्थिंग जीव वाचवते आणि शील्डला आधार देते, परंतु अर्थ लूपचे किंवा पिकअपने (तारेचे कंपन विजेत बदलणाऱ्या भागाने) पकडलेले हमिंग अर्थिंगच्या नव्या खड्ड्याने जात नाही. आणि याहून महत्त्वाचे म्हणजे हमिंग कमी व्हावे म्हणून प्लगची अर्थ पिन कापणे, तिच्यावर टेप गुंडाळणे किंवा टू पिनच्या कन्व्हर्टरमधून ॲम्प चालवणे हे कोणत्याही परिस्थितीत करू नये. स्टील वादकाचा डावा हात तारांवर सरकवायच्या धातूच्या बारमधून, बार तारांमधून आणि तारा केबलच्या शील्डमधून ॲम्पच्या पत्र्याला जोडलेल्या असतात. ॲम्पच्या आत फेजची तार पत्र्याला लागली आणि अर्थ नसले, तर ती वीज थेट वादकाच्या अंगात येते. पिन कापून हमिंग गेले म्हणून समाधान मानणारे लोक मला भेटले आहेत; त्यांना मी प्रत्येक वेळी पिन पुन्हा बसवून घेण्याचा आग्रह केला आहे.

इन्व्हर्टर असलेल्या घरात हमिंग वीज असताना आणि वीज गेल्यावर असे दोन्ही वेळा ऐकावे. वीज गेल्यावर घरघर एकदम वाढत असेल तर इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा आहे; त्यावर ॲम्प चालवू नये.

ॲम्पपासून मागे यावे

बहुतेक वादक शोध गिटारपासून सुरू करतात. तो ॲम्पपासून सुरू करावा, कारण ॲम्प स्वच्छ आहे हे कळल्याशिवाय मागच्या कोणत्याच यंत्राबद्दल खात्रीने बोलता येत नाही. सर्व केबल्स काढाव्यात, इफेक्ट लूपमधल्यासुद्धा (इफेक्टची यंत्रे जोडायच्या जॅकमधल्या). ॲम्पच्या इनपुटमध्ये शॉर्टिंग प्लग घालावा, ॲम्प एकटाच तपासलेल्या सॉकेटवर लावावा, खोलीतले दिवे-पंखे बंद करावेत आणि पाच मिनिटे गरम होऊ द्यावा.

आता व्हॉल्यूम शून्यावर असताना ऐकावे. तरीही हमिंग येत असेल आणि ते १०० हर्ट्झचे असेल, तर दोष पॉवर सप्लायमध्ये किंवा शेवटच्या पॉवर स्टेजमध्ये आहे. व्हॉल्यूम शून्यावर शांत आणि वाढवताच हमिंग येत असेल तर दोष व्हॉल्यूमच्या आधीच्या प्रीॲम्पमध्ये, म्हणजे सिग्नल पहिल्यांदा वाढवणाऱ्या भागात, आहे. टोनची बटणे फिरवून पाहावे. बास फिरवल्यावर हमिंग बदलत असेल तर ते टोन सर्किटच्या आधी शिरते आहे. रिव्हर्बचे बटण वाढवताच हमिंग वाढत असेल तर रिव्हर्बचा घुमारा देणारा स्प्रिंगचा टँक पॉवर ट्रान्सफॉर्मरचे क्षेत्र पकडतो आहे किंवा टँकला जोडणाऱ्या केबलची शील्ड तुटलेली आहे. पुष्कळ ॲम्पमध्ये टँक उलटा फिरवून बसवला, म्हणजे त्याचे आउटपुटचे टोक ट्रान्सफॉर्मरपासून लांब गेले, की हा भाग बराच शांत होतो. स्टील वादकाला रिव्हर्ब सोडून चालत नाही, म्हणून ही तपासणी घाईने उरकू नये.

पत्रा थरथरण्याचा आवाज आणि स्पीकरमधून येणारा आवाज यांची गल्लत होते. कान स्पीकरच्या कापडाजवळ आणि मग ॲम्पच्या मागे नेऊन फरक ओळखावा. ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्या सैल असल्या तर तो गुणगुणतो, परंतु तो आवाज सिग्नलमध्ये जात नाही. या तपासणीसाठी व्हॉल्व्ह ॲम्पचा स्पीकर मात्र कधीही काढू नये; स्पीकरशिवाय चालवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

शॉर्टिंग प्लग घालून ॲम्प शांत असेल तर प्लग काढून तीच खात्रीची केबल लावावी आणि तिच्या दुसऱ्या टोकाला दोन प्लग जोडणारा जॅक (कपलर) लावता येत असेल तर त्यात शॉर्टिंग प्लग घालावा. मोकळ्या टोकाची केबल हातात धरली की घरघरते, हे स्वाभाविक आहे. त्यावरून केबल खराब ठरवू नये. टोक शॉर्ट केल्यावरही ती घरघरली, किंवा हलवल्यावर आवाज बदलला, तर केबल बाजूला ठेवावी. ॲम्पच्या इनपुट जॅकची बाहेरची नट सैल झालेली असणे हा दोष इतका नेहमी आढळतो की पान्याने ती आवळूनच पुढे जावे. खानापूर-जांबोटीच्या पावसाळी हवेत जॅकच्या आतल्या पात्यांवर काळसर थर चढतो. कॉन्टॅक्ट क्लीनर फवारून प्लग दहा-बारा वेळा आत-बाहेर केला की जोडणी पुन्हा पक्की होते.

पाय हाच सर्वांत चांगला टेस्टर

व्हॉल्यूम पेडल हे स्टील वादकाचे शोधयंत्र आहे. साधे पॅसिव्ह, म्हणजे बॅटरी न लागणारे, पेडल पूर्ण मागे, म्हणजे टाचेकडे घेतले की त्याच्या पुढे जाणारा सिग्नल जमिनीला, म्हणजे शील्डला, जोडला जातो. म्हणून गिटार, पेडल आणि ॲम्प एवढेच जोडून वाजवण्याच्या आवाजावर पेडल पूर्ण मागे घ्यावे. हमिंग गेले तर त्याचे मूळ पेडलच्या आधी आहे, म्हणजे गिटार, तिचा पिकअप किंवा पहिली केबल यांत. हमिंग तसेच राहिले तर मूळ पेडलमध्ये किंवा त्याच्या पुढे आहे. इतकी स्वस्त आणि इतकी नेमकी विभागणी दुसऱ्या कोणत्याही उपकरणाने होत नाही. मात्र काही पेडल यांत्रिक मर्यादेमुळे पूर्ण शून्यापर्यंत जात नाहीत. दोरी किंवा दातेरी पट्टी सरकलेली असू शकते, ती आधी पाहावी.

तिसरी शक्यता फार बोलकी आहे. पेडल पूर्ण मागे असताना शांत, पूर्ण पुढे असताना बऱ्यापैकी शांत आणि मधल्या जागी मात्र हमिंग सर्वांत जास्त, असे होत असेल तर पेडलच्या पुढची केबल संशयित आहे. कारण पेडलमधला ५०० किलोओहमचा पॉट (आवाज कमी-जास्त करणारा फिरता रोध) विद्युतदृष्ट्या मध्यावर असताना त्याच्या बाहेरच्या टोकाचा रोध सुमारे १२५ किलोओहमपर्यंत चढतो, आणि एवढ्या मोठ्या रोधानंतरच्या केबलमध्ये बाहेरची घरघर सहज शिरते. अशा वेळी पेडलच्या पुढची केबल आखूड आणि घट्ट विणीच्या शील्डची घ्यावी, किंवा पेडलच्या लगेच पुढे बफर, म्हणजे आउटपुटचा रोध कमी करणारे छोटे सर्किट, बसवावा. बफर पेडलच्या आधी बसवून हा दोष जात नाही, कारण पॉटचा स्वतःचा रोध तसाच राहतो. आधी बफर हवा असेल तर पॉट २५ किलोओहमच्या आसपासचा, म्हणजे ॲक्टिव्ह पेडलमधला, असावा लागतो.

पेडलचे कवच धातूचे असेल तर ते जॅकच्या बाहेरच्या नळीला जोडलेले आहे का हे मल्टिमीटरच्या कंटिन्यूइटीवर (जोडणी सलग आहे की नाही हे दाखवणाऱ्या रेंजवर) तपासावे. रंग चढवलेल्या पत्र्यावर जॅक बसवल्यामुळे ही जोडणी होत नाही, असे पुष्कळदा आढळते. रंग थोडा खरवडला की काम होते. प्लास्टिकच्या कवचाच्या पेडलमध्ये आतून तांब्याची चिकटपट्टी लावून ती शील्डला जोडावी.

गिटार: बार टेकवून आणि उचलून ऐकावे

पेडलने दोष गिटारकडे दाखवला तर पुढची तपासणी हाताने करावी. तारा न छेडता पेडल पुढे ठेवावे आणि बार तारांवर टेकवावा, मग उचलावा. बार टेकवल्यावर घरघर कमी होत असेल तर तारांची अर्थ जोडणी शाबूत आहे आणि वादकाचे शरीरच घरातल्या विजेचे क्षेत्र गोळा करून पिकअपजवळ आणत आहे. बार टेकताच ते शरीर शील्डला जोडले जाते आणि शांतता येते. हा फरक थोडा असेल तर स्वाभाविक मानावा. फरक फार मोठा असेल तर पिकअपच्या खोबणीला आणि पॉटच्या भागाला शील्डिंग नाही किंवा ते सुटलेले आहे. बार काचेचा किंवा चिनी मातीचा असेल तर ही जोडणी होतच नाही. अशा वादकाने उजव्या हाताचा तळवा ब्रिजला टेकवून हीच तपासणी करावी.

उलट, बार टेकवल्यावर हमिंग वाढत असेल तर तारा शील्डला जोडलेल्या नाहीत. ब्रिजपासून जॅकपर्यंत जाणारी बारीक तार तुटलेली असते किंवा जॅकवर दोन तारा उलट लागलेल्या असतात. मल्टिमीटरचे एक टोक ब्रिजला आणि दुसरे केबलच्या दुसऱ्या प्लगच्या नळीला लावावे. शून्याच्या जवळचा ओहम दिसला पाहिजे. साध्या गिटारचा नट (मानेच्या टोकाची, तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) उंच करून आणि वर मॅग्नेटिक पिकअप बसवून घेतलेल्या हवाईयन गिटारी आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि त्यांत ही ब्रिजची तार मुळात घातलेलीच नसते. ती घालून घेणे हा अर्ध्या तासाचा आणि अत्यंत थोड्या खर्चाचा उपाय आहे.

यानंतर उरते ते चुंबकीय हमिंग. एका कॉइलचा पिकअप तारेच्या कंपनाबरोबर ट्रान्सफॉर्मरचे ५० हर्ट्झचे क्षेत्रही पकडतो, आणि तांब्याच्या पट्टीने किंवा ग्रॅफाइटच्या रंगाने ते थांबत नाही. तो उपाय घरघरीवर चालतो, चुंबकीय हमिंगवर चालत नाही. उभ्याने वाजवणारा गिटारवादक अंग वळवून शांत कोन शोधतो, परंतु मांडीवरची किंवा स्टँडवरची स्टील तशी वळवता येत नाही. म्हणून ॲम्प वळवावा आणि लांब न्यावा. अंतर दुप्पट झाले की ट्रान्सफॉर्मरचे क्षेत्र निम्म्याहून कितीतरी अधिक घटते, त्यामुळे पाठीमागे हातभर अंतरावर ठेवलेला ॲम्प दीड-दोन मीटरवर आणि थोडा तिरपा ठेवल्याने पडणारा फरक बहुतेकांना आश्चर्यकारक वाटतो. इफेक्टचे अडॅप्टर, स्टॅबिलायझर आणि स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हेही गिटारच्या जवळ ठेवू नयेत.

खोलीतील शत्रू शोधण्यासाठी ॲम्प चालू ठेवून पंखे, एलईडी, फ्रीज, इन्व्हर्टर एकेक करून बंद करावेत. वडगावात यंत्रमाग चालू असताना आणि उद्यमबागेच्या जवळ वेल्डिंग चालू असताना येणारी घरघर रात्री थांबते. दिवसा आणि रात्री ऐकून पाहिल्यास आपल्या वाद्यावर विनाकारण खर्च होत नाही. खेड्यात थ्री फेज आली आणि विहिरीवरच्या मोटारी सुरू झाल्या की त्याच वेळी आवाज बदलतो का, हेही पाहावे.

इफेक्ट्स

गिटार, पेडल आणि ॲम्प शांत असल्याची खात्री झाल्यावर डिले, रिव्हर्ब, कोरस असे एकेक यंत्र साखळीत घालावे. ज्या यंत्राने हमिंग येते त्याचा अडॅप्टर काढून ते नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालवावे. बॅटरीवर शांत झाले तर यंत्र चांगले आहे आणि दोष अडॅप्टरचा किंवा सामायिक पुरवठ्याचा आहे. एका अडॅप्टरवरून माळेसारखी वायर काढून चार यंत्रे चालवण्याची पद्धत स्वस्त आहे, परंतु त्यात सर्व यंत्रांची शील्ड पुरवठ्याच्या वायरमधून दुसऱ्यांदा जोडली जाते आणि डिजिटल डिलेची किणकिण ॲनालॉग यंत्रात शिरते. प्रत्येक आउटपुट वेगळे असलेला, म्हणजे आयसोलेटेड, पॉवर सप्लाय घेणे हा येथील खरा उपाय आहे आणि त्यावर खर्च करणे मला महागडी केबल घेण्यापेक्षा कितीतरी योग्य वाटते. अडॅप्टर बदलताना व्होल्टेज, मिलिॲम्पियर आणि मध्यभागी निगेटिव्ह की पॉझिटिव्ह हे यंत्रावर लिहिलेले असते, ते पाहूनच बदलावे.

स्टेजवर दोन अर्थ एकत्र आले की

घरी शांत असलेला संच मंडपात घुमू लागला तर बहुधा अर्थ लूप झालेला असतो. ॲम्प मंडपाच्या एका सॉकेटवर, मिक्सर दुसऱ्या टोकाच्या बोर्डवर किंवा जनरेटरवर, आणि दोघांना जोडणारी सिग्नलची केबल, अशी रचना असते. दोन विहिरींतील पाण्याची पातळी वेगळी असताना त्या पाइपने जोडल्या तर पाइपातून पाणी वाहत राहते. तसेच दोन ठिकाणच्या अर्थमध्ये थोडा व्होल्टेजचा फरक असला की केबलच्या शील्डमधून ५० हर्ट्झचा करंट वाहत राहतो आणि तो स्पीकरमधून ऐकू येतो. खात्री करण्यासाठी मिक्सरकडे जाणारी केबल क्षणभर काढावी. हमिंग थांबले तर लूप सिद्ध झाला.

पहिला उपाय म्हणजे वादकाची सर्व यंत्रे एकाच तपासलेल्या सॉकेटवरून एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घेणे. मिक्सर त्याच बोर्डवर आणता येत नसेल तर ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स (वाद्याचा सिग्नल मिक्सरला जोडणारी डबी) मध्ये घालून त्याचे ग्राउंड लिफ्टचे बटण दाबावे. हे बटण फक्त सिग्नलची शील्ड सोडते, विजेचे अर्थ नव्हे, त्यामुळे ते सुरक्षित आहे. माझी स्वतःची पसंती मात्र ॲम्पच्या स्पीकरसमोर साधा डायनॅमिक माइक ठेवण्याला आहे. ॲम्प आणि मिक्सर यांच्यात विजेची जोडणीच राहत नाही, लूपचा प्रश्न मुळातून मिटतो आणि स्टीलचा आवाज स्पीकरमधून जसा येतो तसा श्रोत्यापर्यंत जातो.

याच ठिकाणी सर्वांत मोठा धोका आहे. वादक गातही असेल तर त्याच्या ओठाजवळचा माइक साउंडवाल्याच्या अर्थला आणि हातातला बार ॲम्पच्या अर्थला जोडलेला असतो. दोन बोर्ड वेगवेगळ्या फेजवर असतील तर फेजमधला फरक सुमारे ४०० व्होल्टचा असतो, आणि दोन्ही बाजूंची जोडणी चुकलेली असेल तर तो फरक, एकाच बाजूची चुकलेली असेल तरी २३० व्होल्टपर्यंतचा फरक, ओठ आणि हात यांच्यामध्ये येऊ शकतो. म्हणून बसण्यापूर्वी मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून एक टोक तारांना आणि दुसरे माइकच्या जाळीला लावावे. जाळीवर रंग असेल तर माइकच्या केबलच्या प्लगच्या धातूच्या कडेला लावावे. एक-दोन व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला तर बार आणि माइक यांना एकाच वेळी स्पर्श करू नये, आणि मंडपाच्या वायरमनने जोडणी दुरुस्त केल्याशिवाय वाजवायला बसू नये. पावसात ओला झालेला स्टेज असेल तर ही तपासणी कार्यक्रमाच्या मध्यंतरातही पुन्हा करावी.

परदेशातून आणलेला ॲम्प

नातेवाइकांनी अमेरिकेतून आणलेला ॲम्प १२० व्होल्टचा असतो आणि तो स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरवर चालवावा लागतो. बाजारात मिळणाऱ्या अशा अनेक ट्रान्सफॉर्मरचे आउटपुट सॉकेट टू पिनचे असते, किंवा थ्री पिनचे असूनही आतून अर्थ जोडलेले नसते. ट्रान्सफॉर्मरचा प्लग भिंतीतून काढून त्याच्या अर्थ पिनपासून आउटपुट सॉकेटच्या अर्थ छिद्रापर्यंत कंटिन्यूइटी तपासावी. ती नसेल तर ॲम्पला अर्थच मिळत नाही, आणि हमिंगही येते व धोकाही राहतो. वायरमनकडून ती तार जोडून घ्यावी.

शिवाय ॲम्पच्या आतल्या, ६० हर्ट्झसाठी बनवलेल्या ट्रान्सफॉर्मरला त्याच व्होल्टेजवर ५० हर्ट्झ दिले तर त्याच्या गाभ्यातील चुंबकीय प्रवाह एक पंचमांशाने वाढतो. तो जास्त तापतो आणि त्याचे बाहेर सांडणारे क्षेत्रही वाढते. स्टेप-डाउनला ११० व्होल्टची सोय असेल तर ती वापरल्याने हा ताण कमी होतो. ॲम्पच्या मागच्या पट्टीवर ५०/६० हर्ट्झ असे छापलेले असेल तर ही काळजी नाही.

मेकॅनिककडे जाताना

फिल्टर कपॅसिटर, हीटर आणि व्हॉल्व्ह यांचे काम ॲम्प उघडून करावे लागते, आणि व्हॉल्व्ह ॲम्पचे कपॅसिटर प्लग काढल्यानंतरही ४०० व्होल्टच्या आसपास भार धरून ठेवू शकतात. हे काम अनुभवी मेकॅनिकनेच करावे. वादकाने मात्र आपली निरीक्षणे लिहून न्यावीत: व्हॉल्यूम शून्यावर हमिंग आहे की नाही, ५० की १००, रिव्हर्बबरोबर वाढते का, गरम झाल्यावर बदलते का. एवढे सांगितले की मेकॅनिकचा निम्मा वेळ वाचतो. १०० हर्ट्झचे हमिंग आणि जुना ॲम्प असेल तर वाळलेल्या कपॅसिटरची शक्यता सर्वांत जास्त. जोडीने चालणाऱ्या पॉवर व्हॉल्व्हपैकी एक अशक्त झाला तरी तेच हमिंग येते, कारण जोडी जुळलेली असताना परस्परांना पुसून टाकणारा चढउतार मग पुसला जात नाही. ५० हर्ट्झचे असेल तर पहिला प्रीॲम्प व्हॉल्व्ह बदलून पाहावा आणि हीटरच्या मधल्या बिंदूची अर्थ जोडणी तपासावी.

एवढे सर्व करूनही एका कॉइलच्या पिकअपचे थोडे हमिंग उरते. ते घालवण्यासाठी अनेक जण नॉइज गेट, म्हणजे आवाज ठराविक पातळीखाली गेला की तो बंद करणारे यंत्र, सुचवतात. स्टीलसाठी मी तो सुचवणार नाही, कारण विरत जाणाऱ्या मींडेचे शेवटचे टोकच तो कापून टाकतो, आणि ते टोक टिकवण्यासाठीच तर पाय पेडलवर असतो. त्याऐवजी त्याच मापाचा हमबकर पिकअप बसवावा. उलट वेटोळ्यांच्या दोन कॉइल आणि उलट दिशेचे चुंबक यांमुळे बाहेरचे हमिंग एकमेकांत मिटते आणि तारेचा आवाज दुप्पट होतो. सेथ लव्हर यांनी गिब्सन कंपनीत १९५५ मध्ये ही रचना सिद्ध केली. स्वरात थोडी उजळ धार कमी होते, ती ॲम्पच्या ट्रेबलने बऱ्याच अंशी भरून काढता येते. पिकअप बदलून घेताना त्याची उंची तारांपासून मोजून ठेवावी, आणि नव्या पिकअपची शील्डची तार ब्रिजच्या तारेबरोबर एकाच बिंदूवर डाग देऊन जोडावी.